कोल्हापुरात चांगला समुपदेशक कसा शोधायचा? इथंच दाखवावं की बाहेरगावी?

भट्टीवाला | २३ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली.

वय ४१. शिवाजी पेठेत राहतो, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डिंगला सुपरवायझर आहे. फेब्रुवारीत एका सकाळी कामावर निघालो होतो. तावडे हॉटेलच्या पुढं पंचगंगेच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलेलं. मोटारसायकलवर बसल्या जागी एकाएकी छाती आवळून आली, हातापायाला मुंग्या, कानात सूंऽ आवाज. आता आपण इथंच जातोय, अशी खात्रीच झाली. मागच्या टेम्पोवाल्यानं उतरून कठड्याला टेकवून बसवलं, पाणी पाजलं, दवाखान्यात पोचवलं. ईसीजी नॉर्मल.

त्यानंतर असं सहा वेळा झालंय. आणखी दोन ईसीजी, टूडी इको, ट्रेडमिल, सगळं करून झालं. सगळं नॉर्मल. आता मी पुलावरून जातच नाही. कसबा बावड्यावरून शियेमार्गे वळसा घालून कामावर जातो. घरी सांगितलंय की हायवेचं काम चालू आहे. फॅमिली डॉक्टर म्हणाले, हृदयाचं काही नाही, मनाचं कुणालातरी दाखवून घ्या.

इथंच गाडी अडलीय. तालमीत वाढलोय, शाहू स्टेडियमवर पेठेकडून फुटबॉल खेळलोय. राजारामपुरी म्हणा, शाहूपुरी म्हणा, कुठल्याही पाटीखाली उभा राहिलो तरी दहा मिनिटांत कोणीतरी हाक मारणार, ‘काय रे, इकडं कुठं?’ मुलगी आठवीत आहे. तिच्या कानावर कोणाकडून काहीबाही जावं असं वाटत नाही. त्यामुळं सांगली, पुणे किंवा ऑनलाईन बघावं असं मनात आहे.

मानसोपचारतज्ज्ञाकडं जायचं की समुपदेशकाकडं? चांगला माणूस ओळखायचा कसा? खर्च किती येतो? ज्यांनी घेतलंय त्यांनी मोकळेपणानं सांगा.

जोतिबाचा_डोंगर | २३ जून, रात्री ११:५२

भावा, लिहिलंस ते फार बरं केलंस. मला यातलं कळत नाही, पण जाणती माणसं आहेत इथं. धागा वर राहू दे.

नाना_दवाखाना | २४ जून, सकाळी ६:१५

पस्तीस वर्षं जनरल प्रॅक्टिस केली, आता दवाखाना बंद आहे. इथं वाचून निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय तसे पेशंट महिन्याला दोन-चार तरी यायचे. बहुतेक रात्री, सोबत घाबरलेलं घर.

पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारा भीतीचा झटका, साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरतो. तेवढ्या वेळात शरीर खरोखर पळायच्या तयारीत असतं. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साईड उतरतो. मुंग्या, चक्कर, बधिरपणा येतो तो त्यामुळं. म्हणजे मुंग्या खऱ्या, धडधडही खरी. ‘तुला काहीच झालेलं नाही’ असं म्हणणारा पेशंटला एकटं पाडतो.

आता कामाचं. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासलं नसेल तर तपासून घ्या. थायरॉईड वाढलं तरी अशीच धडधड होते. रात्रपाळीत किती चहा होतो तेही मोजा.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढं मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम झालेला डॉक्टर. गोळ्या तो लिहितो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, त्यांना गोळ्या लिहिता येत नाहीत. तुमच्यासारख्या त्रासात दोन्हीचा उपयोग होतो. सुरुवात कुणाकडूनही केली तरी चांगला माणूस गरज पडेल तेव्हा दुसऱ्याकडं पाठवतोच.

एक लक्षात ठेवा. चालताना, जिना चढताना नवीन दुखणं सुरू झालं, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, तर ‘पॅनिकच असेल’ म्हणून घरी बसायचं नाही. तेव्हा सरळ दवाखाना.

तांबडा_पांढरा | २४ जून, सकाळी ९:०५

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आमच्या वडिलांनी महापूर बघितले, कर्ज बघितलं, दोन धाकट्या बहिणींची लग्नं केली. कुणाकडं बोलायला गेले नाहीत. सकाळी लवकर उठावं, रंकाळ्याला दोन फेऱ्या माराव्यात, तालमीत चार माणसांत बसावं, मन आपोआप ताळ्यावर येतं. गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत, हे मी जवळच्या माणसात बघितलंय. भावा, तू खेळाडू माणूस. परत मैदानावर ये.

रंकाळ्याची_सांज | २४ जून, दुपारी १:३०

@तांबडा_पांढरा, दादा, रंकाळ्याला फेऱ्या मी दोन वर्षं मारल्या. रोज. चालता चालता रडायचे आणि पदपथावर कोणी ओळखीचं दिसलं की डोळ्यांत कचरा गेल्याचं सांगायचे. चालण्याचा फायदा होतोच, नाही म्हणत नाही. पण ज्या माणसाला पुलावर जाता येत नाही, त्याला मैदानावर ये म्हणून कसं सांगायचं?

भट्टीवाला, मी शाळेत शिक्षिका आहे, म्हणजे गावात लपायची सोय तुमच्यापेक्षाही कमी. दुसऱ्या बाळंतपणानंतर मला काहीच गोड लागेना. बाळ रडलं की मी दुसऱ्या खोलीत जाऊन उभी राहायची. सहा महिने सगळ्यांनी ‘होतं असं’ म्हणून काढले. शेवटी नणंदेनं राजारामपुरीत एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडं नेलं.

तिसऱ्या वेळी गेले तर बाकावर माझ्याच वर्गातल्या मुलाची आई. दोघी एकमेकींकडं बघून पांढऱ्या पडलो. मी चप्पल घालून परत जायच्या बेतात होते. तेवढ्यात तिनं बाकावर सरकून जागा केली. काही बोलली नाही, नुसती जागा केली. पुढचे अडीच महिने आम्ही दर गुरुवारी शेजारी बसत होतो. शाळेत पालकसभेला भेटलो की ती ओळखीचं हसायची, त्यापलीकडं एक अक्षर नाही.

तुम्हाला जो भेटेल, तोही तिथं आपल्याच कामानं आलेला असणार. पुणे-सांगलीचं म्हणाल तर दर आठवड्याला रजा टाकून, एसटी धरून किती दिवस जाल? माझ्या १४ भेटी झाल्या. कऱ्हाडच्या पुढं जावं लागलं असतं तर तिसऱ्या भेटीलाच सोडलं असतं मी.

कागलची_सून | २४ जून, दुपारी ३:१०

दुसरी बाजूही लिहिते, म्हणजे कोणी फसू नये.

मी पहिल्यांदा ज्यांच्याकडं गेले त्यांच्या भिंतीवर पाच-सहा सर्टिफिकेटं होती. ओळखीतूनच गेलेले. दुसऱ्याच भेटीत त्यांनी सांगितलं, तुमच्या घरात निगेटिव्ह ऊर्जा आहे, २१ दिवसांचा कोर्स करा, पैसे आगाऊ. नवऱ्याच्या दारूबद्दल बोलले तर ‘बाईनं थोडं जुळवून घ्यावं’. सगळ्यात वाईट म्हणजे तिथं जे बोलले ते पंधरा दिवसांत सासूबाईंच्या तोंडून ऐकलं. त्या गृहस्थांची आणि आमच्या सासरची ऊठबस होती, हे मला नंतर समजलं.

त्यानंतर वर्षभर कुणापुढं तोंड उघडलं नाही. म्हणून सांगते, ओळखीच्या माणसानं सुचवलेलं नाव चालेल, पण समुपदेशक स्वतः आपल्या नात्यातला, ओळखीतला नको.

समुपदेशन_इचल | २४ जून, रात्री ८:४५

@कागलची_सून, ताई, वाचून वाईट वाटलं. मी याच कामात आहे, इचलकरंजीत. आमच्या शिक्षणात पहिल्या काही धड्यांत हेच असतं की नात्यातल्या, ओळखीतल्या माणसाला आपण घ्यायचं नाही, दुसऱ्याकडं पाठवायचं. आणि खोलीतलं बोलणं खोलीत राहिलं पाहिजे. कुणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल किंवा कोर्टानं मागितलं तर गोष्ट वेगळी, आणि तेही पहिल्याच भेटीत सांगायचं असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही गोपनीयता हा पेशंटचा हक्क म्हणून लिहिलेला आहे.

माणूस कसा ओळखायचा, हे भट्टीवाला यांनी विचारलंय. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ असं लावणाऱ्यानं एमए-एमएस्सीनंतर क्लिनिकलचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं, बहुतेकांचं ते दोन वर्षांचं एमफिल असतं. आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं, नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला अजिबात संकोच करू नका, परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. मानसोपचारतज्ज्ञांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा क्रमांक त्यांच्या चिठ्ठीवरच असतो.

समुपदेशकांचं जरा सैल आहे. आमच्यात मानसशास्त्रात एमए करून पुढं देखरेखीखाली वर्षानुवर्षं काम केलेले लोक आहेत, एमएसडब्ल्यू करून या कामात मुरलेले आहेत, आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावलेलेही आहेत. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा जो केंद्रीय कायदा झाला त्यात समुपदेशकही येतात, पण रोजच्या व्यवहारात अजून आपल्यालाच चौकशी करावी लागते.

फोनवर एवढंच विचारा: शिक्षण काय, पॅनिकच्या किती लोकांसोबत काम केलंय, कोणत्या पद्धतीनं करता, एक भेट किती वेळाची, फी किती, रद्द करायची झाली तर काय. चांगला माणूस पाच मिनिटांत शांतपणे सांगतो. जो पहिल्याच फोनवर ‘तीन भेटीत शंभर टक्के बरं करतो’ म्हणेल, त्याच्याकडं जाऊ नका. पॅनिकसाठी सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायची पद्धत, चांगली तपासलेली आहे. भेट ४५ ते ६० मिनिटांची, आणि साधारण १० ते १५ भेटी धरून चाला.

दूधकट्टा | २४ जून, रात्री ९:२०

आणि त्या दहा भेटींत हप्त्याहप्त्यानं मिसळ खायला राजारामपुरीत यावं लागणार, हा फायदा कोणी सांगितलाच नाही. भट्टीवाला, काळजी करू नका हो. बरं व्हा, सगळे मिळून एकदा बसू.

संचालक_मंडळ | २४ जून, रात्री ९:४०

विनंती: डॉक्टर, समुपदेशक यांची नावं, मोबाईल नंबर, दवाखान्याचे पत्ते जाहीर धाग्यावर टाकू नयेत. चांगला अनुभव असो वा वाईट, नाव व्यनितून, म्हणजे खासगी निरोपातून, कळवावं. हेल्पलाईनचे सरकारी क्रमांक चालतील.

उत्तरेश्वर_ते_हडपसर | २५ जून, सकाळी ७:५०

ऑनलाईनबद्दल माझा अनुभव. मूळचा उत्तरेश्वर पेठेतला, सध्या पुण्यात आयटीत. लॉकडाऊननंतर झोप गेली होती, एका अ‍ॅपवरून थेरपी घेतली. बाई हुशार होत्या, मनापासून ऐकायच्या. पण मला बोलताच येईना. मी म्हणालो, ‘मॅनेजरचा फोन आला की माझं डोस्कंच हलतंय.’ त्या म्हणाल्या, ‘म्हणजे चक्कर येते का?’ आता डोस्कं हलणं म्हणजे काय हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला लागतं का? मग मी पुस्तकी मराठीत बोलायला लागलो, अर्ध्यावर इंग्रजी. प्रत्येक वाक्य आधी मनात तयार करायचो. रागाचं वाक्य तयार करेपर्यंत राग निघून जायचा आणि त्यांच्या वहीत उतरायचं, ‘पेशंट शांत आहे.’

सहा भेटींनंतर कोल्हापूरचेच एक समुपदेशक सापडले, तेही ऑनलाईनच. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘घाबरंघुबरं होतंय का नुसतं धस्स होतंय?’ आणि मी घळाघळा रडलो. दोन्हीतला फरक त्यांना माहीत होता.

त्यामुळं ऑनलाईन घ्या नाहीतर समोर बसून घ्या, पण ज्या भाषेत घाबरता त्या भाषेतला माणूस शोधा. फी म्हणाल तर अ‍ॅपवर भेटीला १५०० जायचे, इथं ८०० देतो.

शिरोळची_लेक | २५ जून, सकाळी ११:१५

विषय थोडा बाजूला जाईल, पण भाषेचं वाचून लिहावंसं वाटलं.

माझी आई शिरोळ तालुक्यात एकटी राहते. २०१९ च्या ऑगस्टात घर आठ दिवस पाण्यात होतं. २०२१ च्या जुलैत परत. तेव्हापासून जून लागला की ती मोबाईल घेऊन राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे तिला पाढ्यासारखं पाठ आहे. पण तिला ३९ लागतच नाहीत. २५ झाले की बोचकं बांधते, रात्री उशाला घेते आणि जागी राहते. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी पाण्याचा आवाज येतोय म्हणते.

शहरात दाखवायला चल म्हटलं तर, ‘मला काय येड लागलंय का?’ मग भावानं १४४१६ ला फोन लावून दिला. टेली-मानस, सरकारी सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. आई आधी गप्प होती. पलीकडच्या मुलीनं विचारलं, ‘पाण्यात काय काय गेलं, मावशी?’ आई म्हणाली, म्हैस गेली. मग ती मुलगी म्हशीबद्दलच विचारत राहिली. कितवं वेत होतं, नाव काय होतं. पाऊण तास.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, एवढ्या वर्षांत पंचनामा करायला सगळे आले, पण चांदीचं नाव कुणी विचारलं नव्हतं.

तिथूनच त्यांनी पुढं सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचं सुचवलं. आता आईला बांधून दिलंय की पातळी दिवसातून दोनदाच बघायची, सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा. बोचकं एकदाच नीट भरून फडताळात ठेवायचं, रोज सोडायचं-बांधायचं नाही. यंदा पावसाळा कसा जातोय बघू.

जोतिबाचा_डोंगर | २५ जून, सकाळी ११:३०

ताई, चांदीचं वाचून डोळे भरले. आमच्या आंबेवाडीच्या मावशीकडंही असंच झालंय. नंबर लिहून घेतला.

केसपेपर | २५ जून, संध्याकाळी ६:००

सरकारी रुग्णालयात नोकरी करून निवृत्त झालोय, म्हणून थोडं सांगतो. खर्चाचा प्रश्न असेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, जायला लाजू नका. मेडिकल कॉलेजला जोडलेलं रुग्णालय आहे, मानसोपचाराची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, आधीचे रिपोर्ट सोबत न्यायचे. गर्दी असते, तिथं तासभर बोलत बसायला डॉक्टरांना वेळ मिळत नाही हे खरं. पण निदान पक्कं होतं, गोळ्या रुग्णालयातून मिळतात आणि पुढं कुठं जायचं ते कळतं. तालुक्याच्या लोकांनी उपजिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करावी.

लोकांना अजून वाटतं की मनाचा दवाखाना म्हणजे येरवडा नाहीतर रत्नागिरी. तसं नाही. शंभरातल्या बहुतेकांना भरती व्हायची गरजच पडत नाही.

मेडिक्लेमबद्दलही सांगतो. शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजारालाही द्यावा, असं २०१७ च्या कायद्यात आहे. मात्र बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात. नुसत्या बोलण्याच्या भेटी ओपीडीत धरतात, त्यामुळं आपली पॉलिसी आधी वाचून घ्या.

तांबडा_पांढरा | २५ जून, रात्री १०:१०

सगळं वाचलं. नाना, गोळ्यांचं तेवढं सांगा. माझ्या चुलतभावाला घाबरायची गोळी कुणीतरी दिली, तो मेडिकलमधून परस्पर आणून खात गेला. आज ती नसली तर त्याचे हात थरथरतात. हे खोटं आहे का?

नाना_दवाखाना | २६ जून, सकाळी ६:०५

खोटं नाही, पूर्ण खरं आहे. आणि तुमच्या भावावर अन्याय झालाय. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या पंधरा मिनिटांत-अर्ध्या तासात आराम देतात, म्हणून माणूस त्यांच्या मागं लागतो. त्यांची सवय लागते. त्या थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायच्या असतात आणि बंद करताना हळूहळू उतरवायच्या असतात. भावाला एकाएकी बंद करायला सांगू नका, त्यात फिट येण्याचाही धोका असतो. मानसोपचारतज्ज्ञाकडं न्या.

पॅनिकला मुख्य उपचार म्हणून ज्या देतात त्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या वेगळ्या. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी अस्वस्थता होऊ शकते, नेमके तेव्हाच लोक सोडून देतात. त्यांची तशी तलफ लागत नाही. पण बंद करताना त्याही डॉक्टरला विचारूनच, टप्प्याटप्प्यानं.

उदय_गडहिंग्लज | २६ जून, सकाळी ९:४५

भट्टीवाला दादा, दोन दिवस झाले तुम्ही काही लिहिलं नाही म्हणून विचारतो. थेट विचारतोय, माफ करा. मरावंसं वाटणं, जीव द्यायचा विचार, असं काही मनात येतंय का? आम्ही माझ्या मेहुण्याला हे विचारलं नाही. विचारलं तर त्याच्या डोक्यात भरेल, असं वाटलं होतं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की विचारल्यानं तसं होत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. वर दिलेला १४४१६ रात्री दोनलाही उचलतात. मला व्यनि केलात तरी मी फोन करेन.

भट्टीवाला | २७ जून, रात्री १२:२०

उदय, विचारलंत त्याबद्दल मनापासून आभार. तसे विचार नाहीत. मरायची भीती वाटते, मरावंसं वाटत नाही. फर्स्ट शिफ्ट होती, घरी येऊन सगळं पुन्हा पुन्हा वाचत होतो. आज बायकोला धागा दाखवला. हायवेचं काम चालू नाही, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

व्यनितून चार नावं आलीत. उद्या फोन करतो.

रंकाळ्याची_सांज | २७ जून, सकाळी ७:१०

ताईंना माझा नमस्कार सांगा. पहिल्या भेटीला त्यांना सोबत न्या, पण आत बोलताना एकटे बोला.

भट्टीवाला | १८ जुलै, रात्री १०:५०

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. तीन भेटी झाल्या.

नावं चार होती. एकानं फोनवर शिक्षण विचारल्यावर आवाज चढवला, ते नाव खोडलं. एक पुण्याचे ऑनलाईन होते, दोघं कोल्हापुरातच. शेवटी गावातच गेलो, बसस्टँडपासून चालत दहा मिनिटं. संध्याकाळची शेवटची वेळ मागून घेतली. तिथं नावानं हाक मारत नाहीत, नंबरनं बोलावतात. पहिल्या दिवशी बाकावर मी आणि एक कॉलेजचा पोरगा, दोघंच. ओळखीचं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी होतं. आमच्या पुरवठादाराचा माणूस. त्यानं मान हलवली, मीही हलवली. सांज ताई, तुमची आठवण आली, मीच सरकून जागा केली.

आत गेल्यावर मी पुलाचं सांगितलं तर मॅडमनी पहिलं विचारलं, ‘शिरोलीकडचा का शिवाजी पूल?’ मग विचारलं, ‘शियेमार्गे जाता तेव्हाही पंचगंगाच ओलांडता ना? तिथं का होत नाही?’ मी पाच महिने तो वळसा घालतोय, पण हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. बोलता बोलता लक्षात आलं की मला पुलाची भीती नाही. पुढं-मागं ट्रक अडकलेत आणि निघायला वाट नाही, त्या अडकण्याची आहे. मग फाउंड्रीतलं निघालं. जानेवारीत आमच्या शॉपवर एकाच्या पायावर धातू सांडला होता. फर्नेस आणि मोल्डिंग लाईनच्या मधल्या अरुंद जागेत होता तो, त्याला मागं सरायला वाट नव्हती. ओढून काढणाऱ्यांत मी होतो. त्याचा पाय वाचला, तो आता कामावरही येतो. मी मात्र त्यावर कुणाशीच बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवशी शिफ्ट होती, गेलो.

पुण्याच्या माणसाला मी ‘पूल’ म्हणालो असतो तर त्यानं पूलच लिहून घेतला असता असं वाटतं. कदाचित नसेलही. पण माझ्यापुरतं उत्तर मिळालं.

मॅडमनीच सुचवल्यावर एका मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटलो, त्यांनी कमी डोसची एक गोळी दिलीय. नानांनी लिहिलं होतं तशी पहिले सहा दिवस मळमळ झाली. लिहिलं नसतं तर सोडली असती. थायरॉईड बरोबर आहे, बी-१२ कमी निघालं. भेटीची फी ७००. आणखी ईसीजी काढायचे नाहीत असं ठरलंय. प्रत्येक वेळी तो नॉर्मल आला की चार दिवस बरं वाटायचं आणि पाचव्या दिवशी परत काढावासा वाटायचा.

सध्या पायऱ्या करतोय. पहिली पायरी, तावडे हॉटेलपाशी गाडी लावून वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं. केली, चार वेळा. दुसरी, पुलाच्या तोंडापर्यंत चालत जायचं, घाबरल्यावर परत फिरायचं नाही, भीती उतरेपर्यंत थांबायचं. केली. अकरा मिनिटांनी उतरली, घड्याळ लावून बघितलं. तिसरी पायरी ऐन गर्दीच्या वेळी कुणाच्या तरी मागं बसून पूल ओलांडायची. बायकोला गाडी चालवता येत नाही.

शिरोळची_लेक | १८ जुलै, रात्री ११:१५

भाऊ, आईला वाचून दाखवलं. आई विचारतेय, ज्याच्या पायावर सांडलं त्याला आता चालताना त्रास होतो का?

भट्टीवाला | १८ जुलै, रात्री ११:२०

थोडं लंगडतो, मावशी. पण चहाला आमच्या आधी पोचतो.

तांबडा_पांढरा | १९ जुलै, सकाळी ८:३०

भट्टीवाला, माझं सगळं मत बदललं असं म्हणणार नाही. रंकाळ्याच्या फेऱ्यांवर माझा विश्वास अजून आहे. चुलतभावाला मात्र नेतोय, नानांनी एक नाव दिलंय.

मला पुलाच्या पलीकडं नागावला आठवड्यातून दोनदा माल पोचवायला जावं लागतं. बुलेट आहे, मागची सीट रिकामीच असते. ट्रॅफिक तुंबलं तर तुंबू दे, गाडी बंद करून तुझ्यासोबत तिथंच थांबतो. मला कसली घाई नाही. शुक्रवारी किती वाजता येऊ?

भट्टीवाला | १९ जुलै, सकाळी ८:४१

सकाळी साडेआठ. तावडे हॉटेलच्या कोपऱ्यावर थांबतो. निळा रेनकोट.